टीएच्या कॅम्पात पाय गेला, आता दवाखाना कोणाचा आणि पगार कोणाचा?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं टेरिटोरियल आर्मीच्या (टीए, म्हणजे आपली नोकरी सांभाळून वर्षातून कॅम्पाला जायची फौज) ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन ड्युटीवर बोलवायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून आपल्या सोलापूर जिल्ह्यातून टीएबद्दलची पत्रं वाढलीत. भरती कधी, उंची किती, पळायचं किती, हे प्रश्न सगळ्यात जास्त, आणि त्यांची उत्तरं मागच्या अंकांत देऊन झालीत. या वेळी मुद्दाम एकाच विषयाची पत्रं काढलीत. ट्रेनिंगमध्ये लागलं, मोडलं, तर पुढं काय? भरतीच्या मैदानावर हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारणाऱ्याला बाकीची पोरं हसतात. मी लष्करात कागदांच्याच बाजूला नोकरी काढलीय, त्यामुळं लिहिताना शौर्य कमी आणि फॉर्म जास्त येतील, चालवून घ्या.

प्रश्न : माझे मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत आणि टीएमध्ये शिपाई आहेत, कोल्हापूरच्या बटालियनमध्ये. यंदाच्या कॅम्पात नऊ फुटी खड्ड्यावरनं उडी मारताना गुडघा फिरला. तिथं एमआय रूमला (युनिटच्या छोट्या दवाखान्यात) दाखवलं, गोळ्या आणि क्रेप बँडेज दिलं, चार दिवस आराम दिला, मग हेच म्हणाले मी बरा आहे, आणि कॅम्प संपवून घरी आले. आता जिना उतरता येत नाही, एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलंय असं निघालं, डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. कारखान्यात उभं राहायचं काम आहे. सुट्टीचे पैसे कापले जातायत आणि आर्मीचा पगार तर कॅम्पाबरोबरच बंद झाला. आम्ही कुणाकडं जायचं? (एक ताई, कुमठा नाका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं कारण टीएतल्या दहा माणसांपैकी नऊ जण जे करतात तेच तुमच्या मिस्टरांनी केलंय. "मी बरा आहे" म्हणाले. का म्हणाले तेही मला ठाऊक आहे. मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीचा दर्जा) खाली गेली तर पुढच्या वर्षी कॅम्पाला बोलावणार नाहीत, प्रमोशन अडकेल, आणि बरोबरची पोरं म्हणतील नाटक करतोय. रेग्युलर फौजेतला जवान निदान वर्षभर तिथंच असतो, आज लपवलं तरी महिन्याभरानं एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) जाऊ शकतो. टीएवाला कॅम्प संपला की दुसऱ्या दिवशी एसटीत बसून सांगोल्यावरनं घरी, आणि आपल्या मशीनवर. मग तोच गुडघा कारखान्यात फिरला, गाडीवरनं पडून फिरला की कॅम्पात फिरला, हे सिद्ध करायची पाळी येते.

तर पहिली गोष्ट दवाखान्याचीही नाही आणि पगाराचीही नाही. पहिली गोष्ट, इन्ज्युरी रिपोर्ट बनलाय का ते बघा. फॉर्मचं नाव आयएएफवाय-२००६. त्यात काय असतं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल सगळं त्याच्यावर का अडतं. दुखापत कुठल्या तारखेला, कुठं, काय करताना झाली, डॉक्टरनं काय बघितलं, साक्षीदार कोण, आणि खाली कमांडिंग ऑफिसरचा शेरा, की हा माणूस त्या वेळी ड्युटीवर होता का आणि चूक त्याची स्वतःची होती का. "ड्युटीवर होता, त्याचा दोष नाही" एवढं जर तिथं सहीनिशी लिहिलेलं असेल तर पुढचं निम्मं भांडण संपलं. दुखापत मोठी असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी (फौजेची आतली चौकशी) बसते, तिच्या कागदाची प्रत नाही मिळाली तरी तिचा नंबर आणि तारीख लिहून ठेवायची.

तुमच्या बाबतीत बहुतेक रिपोर्ट बनलेला नसणार कारण गोळी देऊन पाठवलंय. पण एमआय रूमच्या रजिस्टरला नोंद असणार. सिक रिपोर्टला गेला म्हणजे नाव, तारीख, तक्रार आणि "आराम" असं काहीतरी लिहिलं जातंच. ते तुमचं सोनं. आजच्या आज कमांडिंग ऑफिसरच्या नावानं साधा अर्ज लिहा, मराठीत विचार करून हिंदीत लिहा चालेल. अमुक तारखेला बीपीईटीच्या (शारीरिक क्षमतेच्या परीक्षेच्या) वेळी खड्डा पार करताना उजवा की डावा जो असेल तो गुडघा दुखावला, एमआय रूममध्ये दाखवलं, आराम मिळाला, आता एमआरआयमध्ये हे निघालंय, कृपया इन्ज्युरी रिपोर्ट तयार करावा आणि मिलिटरी हॉस्पिटलला तपासणीसाठी पाठवावं. एमआरआयची झेरॉक्स जोडा. बरोबर पळणारे जे दोघं-तिघं होते त्यांची नंबर-रँकसकट लेखी जबानी जोडा, आणि ही जबानी आत्ताच घ्या, पुढच्या वर्षी कोण कुठल्या गावाला असेल सांगता येत नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. फोनवर हवालदार मेजर "हो हो बघतो" म्हणाले म्हणजे काम झालं असं धरू नका, ते चांगले असतात पण पुढच्या महिन्यात ते पोस्टिंगवर दुसरीकडं असतात.

आता दवाखाना. कॅम्पात असताना, किंवा युनिट एम्बॉडी (म्हणजे पूर्णवेळ ड्युटीवर बोलावलेलं) असताना, टीएच्या जवानाला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये उपचार फुकट, रेग्युलर जवानाला जसे तसेच. आपल्याला सोलापूरला एमएच नाही. पुण्याला सदर्न कमांडचं कमांड हॉस्पिटल, खडकीला एमएच, तिकडं बेळगावला एक. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघालं की दुपारच्या आत पुण्यात, एवढं काही अवघड नाही. अवघड आहे ते युनिटचं पत्र हातात असणं. पत्राशिवाय गेटवर उभं राहून "मी टीएचा आहे" म्हणत बसू नका, दिवस वाया जातो. आणि ऑपरेशनची घाई नसेल तर एमएचच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरनं बघेपर्यंत बाहेर करून घेऊ नका. बाहेर केलं तर पैसे आपले जातातच, वर पुढं मेडिकल बोर्ड (अपंगत्व ठरवणारे डॉक्टर) बसला की म्हणणार मूळ दुखापत काय होती ते आम्ही पाहिलंच नाही. हाड मोडलं, रक्तस्राव झाला, असं काही असेल तर अर्थातच जवळच्या सिव्हिलला आधी जा आणि त्याच दिवशी युनिटला कळवा, लेखी.

एमएचला वेळ लागत असेल आणि गुडघा थांबत नसेल तर आपल्या राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी. तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

आणि पगार. कॅम्पच्या दिवसांचा पगार रँकप्रमाणे रेग्युलर जवानाइतका, तो मिळाला असेलच. कॅम्प संपला, डिसएम्बॉडी झाला, म्हणजे ड्युटीवरनं सोडला, की ते खातं बंद. म्हणून मी टीएतल्या प्रत्येकाला सांगतो की सोडायच्या आधी जी मेडिकल तपासणी होते तिथं "फिट" वर सही करताना तोंड उघडा. दुखतंय तर दुखतंय म्हणून लिहायला लावा. हॉस्पिटलमध्ये भरती असाल किंवा बोर्ड बाकी असेल तर मला सोडताय की ठेवताय आणि कुठल्या आदेशानं, हे लेखी मागा.

तुमच्यासाठी आता उरतं ते कारखान्याकडचं. मिस्टरांचा पगार महिना २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असणार, पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के बघा. गुडघा कारखान्यात गेलेला नाही म्हणून कामावरच्या अपघाताचा जो ९० टक्क्यांचा लाभ आहे तो मिळणार नाही, आणि मिळावा म्हणून कुणी "कारखान्यातच पडला असं लिहू या" असा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका, दोन्हीकडचा क्लेम मरतो. पण आजारपणाचा लाभ वेगळा आहे. त्याला दुखापत कुठं झाली याच्याशी घेणं नाही. ईएसआयसीच्या डॉक्टरनं काम करायला अयोग्य म्हणून सर्टिफिकेट दिलं की रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. एक खोच आहे. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि आत्ताचा लाभ हा आत्ताच्या वर्गणीवर नसतो, एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला लागू होते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. म्हणजे यंदा कॅम्पात दोन महिने गेले आणि त्या सहामाहीत दिवस कमी भरले तर फटका आज नाही, पुढं बसतो. ईएसआयसीच्या ऑफिसला जाऊन आयपी नंबर (विम्याचा नंबर) सांगून ही दोन्ही सहामाही तपासून घ्या. आणि ज्या दिवसांची कारखान्याकडून पगारी रजा घेतली त्या दिवसांचा हा लाभ मिळत नाही, तेव्हा दोन्हीपैकी कशात जास्त पडतंय ते कागदावर मांडा आणि मग रजा टाका.

प्रश्न : मी बार्शीत एका फायनान्सच्या ऑफिसात वसुलीला होतो. कॅम्पहून हाताला प्लास्टर घेऊन आलो तर मालक म्हणाले आर्मीतच जा आता, तुझ्या जागी दुसरा घेतलाय. कायदा काही आहे का नाही? (बार्शीहून एक वाचक)

उत्तर : आहे की. टेरिटोरियल आर्मी ॲक्ट, १९४८. त्यात मालकावर सरळ जबाबदारी टाकलेली आहे की टीएच्या सेवेसाठी गेलेल्या माणसाला परत कामावर घ्यायचं, आणि आधीपेक्षा वाईट अटींवर नाही. मालकानं नकार दिला तर नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर प्रकरण नेता येतं आणि तो अधिकारी परत घ्या म्हणू शकतो किंवा सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. सहा महिने म्हणजे फार नाही हे मलाही कळतं, १९४८ च्या माणसांनी मालकाला पुष्कळ सांभाळून घेतलंय. प्रॉव्हिडंट फंडासारखे हक्क मध्ये तुटू नयेत अशीही सोय त्यात आहे.

करायचं असं की "मी हजर आहे, मला कामावर घ्या" असा लेखी अर्ज मालकाला आधी द्या, पोचपावतीसह. तोंडी काढलेल्या माणसाकडं मुळात काढल्याचा पुरावाच नसतो, म्हणून हा अर्ज. मग कमांडिंग ऑफिसरकडून मालकाच्या नावानं पत्र मागा, बऱ्याच ठिकाणी त्या लेटरहेडवरच्या अशोकस्तंभानंच काम होतं. नाहीच झालं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथं आता वकिलाची फुकट मदत मिळावी म्हणून नाल्सानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, सैनिक कार्यालयातच लीगल एड क्लिनिक अशी कल्पना आहे, विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत. प्लास्टर असेपर्यंत वसुलीचं फिरतं काम जमणार नसेल तर तेही अर्जात लिहा आणि तेवढ्यापुरतं बसून करायचं काम मागा. मालकाला "हा काम करू शकत नाही" म्हणायची संधी देऊ नका.

प्रश्न : धाकटा भाऊ फील्ड फायरिंगला होता, ग्रेनेडची किरच डोळ्यात गेली. एका डोळ्याची नजर जवळपास गेली. आता बोर्डआउट करणार, म्हणजे मेडिकलवर घरी पाठवणार म्हणतायत. आम्हाला सांगितलं की लढाईत नव्हता म्हणून साधं डिसॅबिलिटी पेन्शन मिळेल, तेही ३० टक्केच्या हिशोबानं. खरं का? (मंगळवेढा)

उत्तर : दादा, इथं थांबा आणि नीट वाचा, कारण हा फरक फार मोठा आहे आणि अगदी युनिटच्या क्लार्कलाही कधी कधी माहीत नसतो.

साधा हिशोब असा. लष्करी सेवेमुळं आलेलं किंवा सेवेमुळं वाढलेलं अपंगत्व, २० टक्के किंवा जास्त, आणि त्यामुळं सेवेतून बाहेर काढलं, तर डिसॅबिलिटी पेन्शन. त्याचे दोन भाग. सर्व्हिस एलिमेंट म्हणजे शेवटच्या वेतनाच्या निम्मं. आणि डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला वेतनाच्या ३० टक्के, त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात. बोर्डआउट झालेल्याला वरच्या पट्टीत बसवतात, ५० टक्क्यांच्या आतलं सगळं ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. समजा वेतन ४०,००० आणि बोर्डानं ४० टक्के दिले, तर ते ५० धरायचे, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट ६,००० आणि सर्व्हिस एलिमेंट २०,०००, वर महागाई.

पण संरक्षण मंत्रालयाचं ३१ जानेवारी २००१ चं जे पत्र आहे त्यात अपंगत्वाच्या ए ते ई अशा कॅटेगरी पाडल्यात. ड्युटीवरचे साधे अपघात सीमध्ये येतात. ई ही लढाईची. आणि त्या ईमध्ये सीमेवरच्या गोळीबाराबरोबर आणखी एक ओळ आहे, बॅटल इनॉक्युलेशन ट्रेनिंग एक्सरसाइज किंवा जिवंत दारूगोळ्यासह प्रात्यक्षिक. म्हणजे जिवंत दारूगोळ्याच्या सरावात जखमी झालेल्या माणसाला वॉर इन्ज्युरी पेन्शन मागता येतं, आणि त्यात ३० टक्क्यांच्या जागी १०० टक्के अपंगत्वाला अख्खं शेवटचं वेतन धरतात. वरचंच उदाहरण घ्या, ५० टक्क्यांना ६,००० च्या जागी २०,०००. महिन्याला. आयुष्यभर.

तेव्हा कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या कागदात "ट्रेनिंगमध्ये अपघात" एवढंच लिहिलेलं चालणार नाही. कुठली एक्सरसाइज, फायरिंगचा आदेश कुठल्या नंबरचा, दारूगोळा जिवंत होता, आणि कॅटेगरी ई, हे शब्द आत्ता यायला हवेत, बोर्डाच्या आधी. भाऊ हॉस्पिटलमध्ये असेल तर त्याच्या वतीनं तुम्ही अर्ज द्या. बोर्डाच्या वेळी जो एएफएमएसएफ-१६ फॉर्म भरतात त्यात "सेवेमुळं झालं का" या रकान्याचं उत्तर आणि टक्केवारी वाचल्याशिवाय सही करू देऊ नका त्याला. डोळ्याला पट्टी आहे म्हणून कुणीतरी वाचून दाखवायला लावा. आणि सप्टेंबर २०२३ पासून पेन्शन पात्रतेचे नवे नियम लागू झालेत, त्यांची प्रत सैनिक कार्यालयातून घ्या आणि तारखेप्रमाणे आपली केस कुठल्या नियमात पडते ते आधी तपासा.

बोर्डानं चुकून २० च्या आत टक्के दिले आणि तरी घरी पाठवलं तर सुखविंदर सिंग केस, सुप्रीम कोर्ट, २०१४. कोर्टानं म्हटलंय की सेवेतून बाहेर काढलंय याचा अर्थच अपंगत्व २० च्या वर होतं. हे नाव लिहून ठेवा.

जाता जाता, बोर्डआउट झालेल्याची ही पेन्शन, दोन्ही भाग, इन्कम टॅक्समधून माफ आहे. बँक किंवा सीए टीडीएस कापायला लागले तर सीबीडीटीचं (इन्कम टॅक्सच्या केंद्रीय बोर्डाचं) जून २०१९ चं परिपत्रक दाखवा.

प्रश्न : वडील टीएत होते, कॅम्पात कमरेला मार लागला आणि नव्वदच्या दशकात मेडिकलवर घरी पाठवले. त्यावेळी "टीएला पेन्शन नसते" म्हणून सांगितलं आणि आम्ही गप बसलो. आता वडिलांचं वय झालंय, काठीशिवाय चालता येत नाही. आता काही होईल का, का फार उशीर झाला? (मोहोळ तालुका)

उत्तर : "टीएला पेन्शन नसते" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय काय सांगू. नुसत्या कॅम्पावर म्हातारपणाची पेन्शन नसते हे बरोबर, त्याला एम्बॉडी सेवेची वर्षं भरावी लागतात. पण अपंगत्वाची पेन्शन ही वेगळी गोष्ट आहे, आणि आर्मीच्या १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशनमध्ये कलम २९२ सरळ म्हणतं की टीएच्या माणसांना पेन्शनचे तेच नियम लागू जे रेग्युलर आर्मीला, त्या प्रकरणात वेगळं काही सांगितलं नसेल तर.

यावर सुप्रीम कोर्टाचा निकालही आहे, पाणीराम विरुद्ध भारत सरकार, १७ डिसेंबर २०२१. हे गृहस्थ आधी रेग्युलर फौजेत होते, तिथनं सुटल्यावर टीएच्या इकॉलॉजिकल बटालियनमध्ये भरती झाले, म्हणजे झाडं लावणारी जी बटालियन असते तिथं. रजेच्या काळात अपघात झाला, एक पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला, अपंगत्व ८० टक्के. सरकार म्हणालं इकॉलॉजिकलवाल्यांना नाही मिळत आणि तुम्ही भरतीच्या वेळी पेन्शन मागणार नाही असं लिहून दिलंय. कोर्टानं दोन्ही उडवलं. टीएचाच भाग आहे तर टीएचे नियम लागू, आणि नोकरी हवी म्हणून गरजू माणसानं सही केली, बलाढ्य सरकारसमोर त्याच्या हातात दुसरं होतं काय. थकबाकी व्याजासकट द्यायला लावली. तुमच्या वडिलांची तर ट्रेनिंगमधलीच दुखापत, केस त्याहून सरळ.

उशिराचं म्हणाल तर, पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे म्हणून न देणं हे दर महिन्याला चालू राहिलेलं चुकणं धरतात. तर्सेम सिंग केस, २००८. म्हणजे क्लेम मरत नाही पण मागची थकबाकी अर्ज दाखल करायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यामुळं दिवाळीनंतर बघू म्हणू नका, जो महिना जाईल तो महिना कायमचा गेला.

खरी अडचण तुमची कागदाची आहे आणि ती मोठी आहे. ज्यांना पेन्शन नाही त्यांच्या फाइली रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षं झाली की नष्ट करतं. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर रेकॉर्ड्स बेळगावला. तिथं माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि "सर्व्हिस रेकॉर्ड द्या" असं मोघम लिहू नका. मेडिकल बोर्डाची प्रोसीडिंग, इन्ज्युरी रिपोर्ट, डिस्चार्जचं कारण, आणि लाँग रोलचा (जवानांच्या नोंदीच्या रजिस्टरचा) उतारा अशी वेगवेगळी मागणी करा. बाकी फाइल जळून गेली तरी लाँग रोल ठेवलेला असतो, त्यात कुठल्या कारणानं बाहेर पडले ती ओळ असते. घरात डिस्चार्ज बुक शोधा. जुन्या ट्रंकेत, सातबाराच्या पिशवीत, गणपतीच्या फोटोच्या मागं, बायका कुठंही जपून ठेवतात. त्या बुकावर "इनव्हॅलिडेड आउट" आणि खाली मेडिकल कॅटेगरी असली तर वकिलाला निम्मं काम मिळालं. भरतीच्या वेळी वडील तंदुरुस्त होते आणि त्यांच्या कागदावर कमरेचा कुठलाही आजार नोंदलेला नव्हता, तर कमरेचं दुखणं सेवेतलं नाही हे सरकारनं सिद्ध करायचं, तुम्ही नाही, असं धरमवीर सिंग केसमध्ये २०१३ ला कोर्टानं ठरवलंय.

आधी रेकॉर्ड ऑफिसकडं क्लेम, ते नाही म्हणाले तर अपील, तिथंही नाही झालं किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आपल्याला मुंबईचं खंडपीठ. दिवाणी कोर्टात जाऊ नका, कुणी तालुक्याचा वकील "इथंच टाकू" म्हणाला तर त्याला नमस्कार करा. पेन्शन मंजूर झालं की ते स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर चढतं आणि दर वर्षी हयातीचा दाखला मोबाइलवरनं देता येतो. आणि मुख्य म्हणजे सेवेमुळं आलेल्या अपंगत्वाची पेन्शन लागली की टीएचा माणूसही माजी सैनिक ठरतो, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड निघतं, तुमच्या आईचंही. सोलापूरला ईसीएचएस पॉलिक्लिनिक आहेच, औषधाला पुण्याला जायची गरज नाही. वडिलांच्या वयाला मला विचाराल तर पैशापेक्षा ते कार्ड जास्त उपयोगाचं.

प्रश्न : पुतण्या एनडीएत (ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीत) होता, ट्रेनिंगमध्ये मणक्याला लागलं आणि बोर्डआउट केला. तो आर्मीचाच ना? मग पेन्शन का नाही? (जुळे सोलापूर)

उत्तर : ट्रेनिंगमधला कॅडेट हा कमिशन मिळेपर्यंत नियमाच्या भाषेत सेवेत नसतो, म्हणून त्याला पेन्शन नाही, एक्सग्रेशिया (सानुग्रह रक्कम) आहे. महिना ९,००० आणि त्यावर १०० टक्के अपंगत्वाला १६,२००, कमी असेल तर त्या प्रमाणात, अधिक महागाई. मला हा नियम कधीच पटलेला नाही, शिपायाला रिक्रूट असल्यापासून जे मिळतं ते होऊ घातलेल्या ऑफिसरला नाही हे कुठलं गणित. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं बातम्या वाचून आपणहून ही केस हातात घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारनं बोर्डआउट कॅडेटना ईसीएचएस लागू केलं, एकरकमी वर्गणीही माफ. पुतण्याचं कार्ड काढलं नसेल तर लगेच काढा. मणका म्हणजे वर्षानुवर्षं फिजिओथेरपी, तो खर्च तरी घरावर येणार नाही. माजी सैनिकाचे बाकीचे फायदे मात्र या आदेशानं मिळत नाहीत.

प्रश्न : मुलगी एनसीसीत आहे, कॅम्पात मनगट मोडलं. तिला टीएसारखं काही लागू होतं का? (वालचंद कॉलेजजवळून एक पालक)

उत्तर : नाही. एनसीसीच्या मुलांवर लष्करी सेवेची सक्ती नसते, म्हणून त्यांना लष्करी पेन्शनचे नियमही नाहीत. एनसीसीची कॅडेट वेल्फेअर सोसायटी आहे, तिच्याकडून मदत मिळू शकते. कॉलेजच्या एएनओ (एनसीसी सांभाळणाऱ्या) मॅडमकडून बटालियनला लेखी रिपोर्ट गेलाय का तेवढं बघा आणि बिलं ओरिजिनल ठेवा.

प्रश्न : अग्निवीराला ट्रेनिंगमध्ये अपंगत्व आलं तर? (करमाळा)

उत्तर : अग्निवीराला डिसॅबिलिटी पेन्शन नाही, एकरकमी आहे. अपंगत्व सेवेमुळं आलेलं असेल तर १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. टप्पे इतके लांब लांब आहेत की बोर्डाचे दोन-चार टक्के इकडचे तिकडं झाले तर दहा-वीस लाखांचा फरक पडू शकतो, त्यामुळं बोर्डाच्या निकालाची प्रत हातात पडली की अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारून घ्या. बाकी इन्ज्युरी रिपोर्टचं वर कुमठा नाक्याच्या ताईंना जे लिहिलंय ते सगळं तुम्हालाही तसंच लागू.